कंदील की इमर्जन्सी लॅम्प: चार्जिंगचा एलईडी दिवा कशाचा करावा?

माळ्यावर एखादा गंजका कंदील आणि कपाटात बंद पडलेला इमर्जन्सी लॅम्प, ही जोडी सांगली-सातारा भागात कितीतरी घरांत सापडेल. दोन्हींचा चार्जिंगचा एलईडी दिवा होतो. एकच करायचा असेल तर तो लागणार कुठे, हे आधी ठरवा.

रात्रपाळीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला जायचं असेल तर कंदीलच करा. बांधावर ठेवला किंवा कडीने फांदीला अडकवला की उजेड चारी बाजूंना पडतो आणि दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, दोन्ही हात मोकळे राहतात. इमर्जन्सी लॅम्प फक्त समोर उजेड टाकतो, मागे अंधारच. रात्री पाण्यात उभं राहणाऱ्याला पाठीमागचंही दिसायला हवं. साप काही समोरूनच येतो असं नाही.

लाईट गेल्यावर स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या अभ्यासाला मात्र लॅम्प सरस, आणि त्यात कामही कमी. एलईडीची पट्टी बहुधा शाबूत असते, मेलेली असते ती आतली 4 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. उतरलेली बॅटरी तशीच महिनोन्महिने पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा चार्ज घेत नाही. पावसाळ्यात लॅम्प काढायचा आणि दिवाळीनंतर विसरायचा, हीच सवय तिला मारते. तसलीच नवी बॅटरी टाकणं सगळ्यांत सोपं, पण अधूनमधून आठवणीने चार्ज करणार असाल तरच.

लिथियम सेल टाकणार असाल तर लॅम्पचा जुना चार्जर अजिबात ठेवू नका. 4 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना साडेचारच्याही वर जाते. लिथियम-आयन सेलची मर्यादा 4.2 व्होल्ट. शिवाय बऱ्याच स्वस्त लॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, 230 व्होल्टची लाईन कपॅसिटरमधून थेट सर्किटला जोडलेली असते. खोललेला लॅम्प प्लगला लावून आत हात घालणं जिवावर बेतू शकतं. तो भाग काढून टाका आणि मोबाईलच्या चार्जरवर चालणारं टीपी4056 मॉड्यूल, म्हणजे लिथियम-आयन सेल चार्ज करणारी छोटी पट्टी, बसवा, तेही सेलच्या संरक्षणाची सोय असलेलंच.

कंदिलात हीच जोडणी चालते. 18650 आकाराचा लिथियम-आयन सेल, 1 वॅटचा वॉर्म व्हाइट एलईडी, मध्ये 3.3 ओहमचा रेझिस्टर. 2600 एमएएचच्या खऱ्या सेलवर रात्रभर उजेड पुरतो, पहाटेपर्यंत थोडा मंदावत जातो इतकंच. 9900 एमएएच छापलेले सेल घेऊ नका. या आकारात तेवढी क्षमता मावतच नाही.

शेतासाठी माझी पसंती मात्र लिथियम आयर्न फॉस्फेटला, म्हणजे 32650 आकाराचा 3.2 व्होल्टचा सेल. तो जाड आणि जड असतो, पण उन्हाळ्यातली शेडमधली उष्णता जास्त सोसतो, दोन हजारांच्या आसपास चार्जिंग झेलतो आणि त्याचा उजेड जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा राहतो. त्याला टीपी4056 चालत नाही. 3.6 व्होल्टवर लावलेलं टीपी5000 चार्जिंग मॉड्यूल आणि वेगळा बीएमएस, म्हणजे सेलच्या संरक्षणाचं सर्किट, घ्यावा लागतो, रेझिस्टरही 1 ओहमच्या आसपासचा. खर्च वाढतो, पण रोजच्या वापराला तो वसूल होतो.

टाकीत रॉकेलचा वास आहे तोवर तिच्याजवळ सोल्डरिंग गन नेऊ नका. साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि उघडी ठेवून पूर्ण सुकवा. कंदील ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा जुना ‘प्रभाकर’ असेल तर टाकी कापूच नका. बर्नर उचलून त्या जागी एलईडी बसवा आणि सेल खाली लाकडी बैठकीत ठेवा. वायर बाहेरून दिसेल, दिसू दे. कऱ्हाडजवळचा तो काचकारखाना आता नाही, कापलेली टाकी परत मिळायची नाही. पत्र्याचा साधा कंदील असेल तर खुशाल तळ कापून सेल आत बसवा, फक्त आतून रबर लावा, म्हणजे सेल पत्र्याला टेकून शॉर्ट होणार नाही.