लग्नाचा बुके: हातबांधणीचा, फोमवाला की तारेचा?

लग्नाचा बुके ठरवायला आलेले बहुतेक जण बसायच्या आधीच मोबाईल पुढे करतात, "सेम टू सेम असा पाहिजे" म्हणतात, आणि मी फोटो बघून पहिला प्रश्न विचारते तो असा की बुके पाण्यातून काढल्यापासून शेवटचा फोटो काढेपर्यंत किती तास जाणार आहेत. मग सगळे माझ्याकडे असे बघतात जसं काही मी हॉलचं लाईट बिल विचारलं. पण खरंच सांगते, फोटोत रंग दिसतो, फूल दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. आत नुसत्या दांड्या आहेत, का ओला फोम आहे, का दांडीच नाही आणि तारेवर सगळा डोलारा उभा आहे, यावर तो बुके संध्याकाळी कसा दिसेल ते ठरतं. सगळी भानगड एवढीच आहे की फुलाला पाणी कुठून मिळणार. म्हणून इथे गुलाब की लिली यात फार पडत नाही, बांधणीबद्दल बोलते, कारण निर्णय खरा तिथे असतो.

आधी हातबांधणीचा. यात एकेक दांडी हातात घेऊन तिरकी लावत जायची, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या, म्हणजे खाली दांड्यांची सर्पिल गुंडाळी तयार होते, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एकच घट्ट बांध. नीट जमला तर टेबलावर ठेवल्यावर बुके स्वतःच्या दांड्यांवर उभा राहतो, कलंडत नाही. शिकताना मी कित्येक महिने एखादी दांडी उलट्या दिशेने खुपसायचे आणि मग त्याच दांडीमुळे बाजूच्या फुलाची मान मोडायची. मला विचाराल तर दिसायला हाच सगळ्यात मोकळा, बागेतून आत्ता तोडून आणल्यासारखा. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तो शेवटच्या क्षणापर्यंत पाण्यात उभा करता येतो. मेकअप चालू आहे, बुके पाण्यात. गाडीत आहात, बादलीत. मध्ये जेवणाची सुट्टी झाली की परत पाण्यात. दांड्या तेवढ्या टिश्यूने कोरड्या करायच्या, हे विसरू नका, एका मुलीच्या ड्रेसवर समोरच पाण्याचा ओघळ आला होता आणि चूक माझीच, रिबीन गुंडाळायच्या घाईत पुसायचं राहिलं.

तोटा काय, तर मूठ. पंचवीस गुलाबांच्या दांड्या एकत्र धरून बघा, मूठ मिटतच नाही. मोठा गोल बुके हवा आणि हात नाजूक, तर अर्ध्या तासात बोटं दुखायला लागतात, मग मुलगी तो दोन्ही हातांनी छातीशी धरते आणि ड्रेसचं गळ्याचं सगळं काम फुलांमागे लपतं (खरं तर बेंबीच्या जरा खाली धरायचा असतो, पण घाबरल्यावर सगळ्यांचेच हात आपोआप वर जातात). शिवाय खाली झुकणारा, धबधब्यासारखा आकार यात जेमतेमच जमतो.

आता फोमवाला. प्लॅस्टिकच्या मुठीवर एक जाळीदार गोळा असतो (याला होल्डर म्हणतात), त्यात हिरवा फोम, ज्याला सगळे ओअ‍ॅसिसच म्हणतात. तो भिजवायचा, दांड्या छोट्या कापायच्या आणि खुपसत जायचं. 1954 साली व्हर्नन स्मिदर्स या अमेरिकन माणसाने हा फोम काढला आणि आमच्या धंद्याचं कामच बदललं, कारण फूल हवं त्या कोनात उभं राहायला लागलं आणि वर पाणीही प्यायला लागलं. लांब दिवस असेल, सकाळी दहाला बुके हातात आणि रात्री नऊला अजून फोटो, आणि मध्ये कोणी पाण्यात ठेवेल याची खात्री नाही, तर हा पर्याय वाईट नाही. मूठ बारीक, धरायला सोपी, झुकता आकार सहज होतो.

पण कटकटीही याच्याच जास्त. फोम पाण्यावर नुसता सोडून द्यायचा असतो, तो आपोआप बुडतो, घाईघाईने हाताने दाबून बुडवला तर बाहेरून ओला आणि आत कोरडा राहतो, आणि त्या कोरड्या जागेत ज्या दांडीचं टोक गेलं तिचं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. एकदा वाळलेला फोम परत नीट पाणी धरत नाही, त्यामुळे उरलेला पुन्हा वापरतो असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा. दांडी एकदा खुपसली, मग जरा बाहेर ओढून "इथे नको, थोडं वर" केलं, तर भोकात हवा राहते आणि फूल तहानलेलंच. ट्युलिपसारख्या मऊ आणि जरबेऱ्यासारख्या पोकळ दांड्यांना हे अजिबात मानवत नाही, तुमच्या फोटोत ट्युलिप असतील तर फोम विसरून जा, तसंही ट्युलिप कापल्यावरही वाढत राहतं आणि उजेडाकडे वळतं, म्हणजे तुम्ही रात्री गोल बुके ठेवता आणि सकाळी तो वेगळाच असतो.

आणि फुलं गळून पडणं. माझ्या सुरुवातीच्या काळात एक गुलाब असा दारातच होल्डरमधून सुटून खाली पडला, टप्, आणि त्या शांततेत तो आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हापासून फोममधल्या प्रत्येक मुख्य फुलाच्या दांडीला मी फुलांचा थंड गोंद (गरम न करता लावायचा) लावते. तुम्ही फोमवाला घेणार असाल तर एवढंच विचारा, फुलं चिकटवता का. उत्तर गडबडलं तर समजून जा.

अजून एक गोष्ट, काहींना फरक पडतो काहींना नाही. हा फोम प्लॅस्टिकच आहे, मातीत कुजत नाही, चुरा होऊन बारीक कण मात्र होतात आणि ते पाण्याबरोबर जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने 2021 पासून आपल्या फुलांच्या प्रदर्शनांत तो बंदच केला. मी स्वतः टेबलावरच्या मोठ्या सजावटीत आता कोंबड्यांच्या पिंजऱ्याची जाळी चुरगाळून भांड्यात घालते आणि पाणी भरते, छान चालतं. पण होल्डरच्या बुकेला तितका सोपा दुसरा पर्याय माझ्याकडे अजून नाही, खोटं कशाला बोलू.

तिसरा तारेचा, आणि इथे जरा जास्त बोलणार आहे कारण लोकांना हा माहीतच नसतो आणि फोटोत आवडतो तो बऱ्याचदा हाच असतो. यात फुलाची दांडी जवळजवळ पूर्ण कापून टाकतात, बुडाच्या फुगीर हिरव्या भागातून तार आरपार घालतात, दोन्ही टोकं खाली वळवतात आणि वरून मेणकागदी टेप ओढून गुंडाळतात (ती टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, नवीन पोरं नुसती गुंडाळतात आणि म्हणतात टेप खराब आहे). असं प्रत्येक फुलाचं, प्रत्येक पानाचं. मग त्या तारा वाकवून हवा तो आकार. हातबांधणीचा माझा पाऊण तासात होतो, तारेचा मध्यम बुके तीन चार तास खातो, आणि तोही आदल्या रात्री आरामात करून ठेवता येत नाही कारण फुलाला पाण्याचा एक थेंब मिळत नाही. म्हणून त्याची मजुरी जास्त असते, आम्ही लुटत नसतो.

बदल्यात काय मिळतं? वजन जवळजवळ नाही. मूठ पेनाएवढी बारीक. आणि आकार म्हणाल तो. 2011 मध्ये ब्रिटनच्या राजपुत्र विल्यमशी लग्नात केट मिडलटनच्या हातात होता तो तारेचाच होता, ढालीसारखा छोटासा, लिली ऑफ द व्हॅली, हायसिंथ, स्वीट विल्यम, मर्टल असलं सगळं बारीक काम. त्याच्या अगदी उलट 1981 मधला, विल्यमच्या आईचा म्हणजे डायनाचा, सुमारे 42 इंच लांब, पार खालपर्यंत ओघळणारा, आणि तसे दोन बनवले होते. कारण 1947 मध्ये पुढे राणी झालेल्या एलिझाबेथच्या लग्नात बुकेच सापडेना झाला होता आणि फोटोंसाठी नंतर परत दुसरा करावा लागला. मी दोन करा असं सांगत नाहीये, पण कोणाच्या तरी एकाच्या नावावर बुकेची जबाबदारी टाका, तो खुर्चीखाली जातो, खरंच जातो.

तारेच्या बुकेत फूल निवडताना मात्र माझं ऐका. ऑर्किड, कार्नेशन, स्टेफॅनोटिस, पिळदार गुलाब, ही पाण्याशिवाय तग धरतात. हायड्रेंजिया (बारीक फुलांचा मोठा गोल गड्डा असतो तो) नको, अजिबात नको. ते फूल नाहीच, पाण्याचा टँकर आहे, पाकळ्यांमधूनही पाणी पितं आणि तासाभरात फडक्यासारखं होतं. हातबांधणीत ते चालतं कारण सुकलं तर अख्खा गड्डा पाण्यात बुडवला की बऱ्याचदा परत उठतो. गार्डेनिया तारेत दिसतं सुंदर, पण पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग, आणि लग्नात प्रत्येक मावशीला ते हात लावून बघायचंच असतं.

मग कोणी काय घ्यायचं. उघड्यावर, उन्हात, तीन तासांच्या वर काम असेल आणि बादली ठेवायला जागा नसेल तर फोम, नाहीतर तारेचा पण टणक फुलांचा. बंद हॉल, एसी, मध्येमध्ये बुके ठेवता येणार असेल तर डोळे मिटून हातबांधणीचा, माझं मत विचाराल तर दहातल्या सात जणींना तोच द्यायला हवा आणि त्या मागतात फोमवाला, कारण फोटोत झुकता आकार असतो. मुलीची उंची कमी असेल आणि लांब झुकता हवाच असेल तर तारेचा, कारण फोमवाला त्या आकारात पुढून जड होतो आणि मनगट खाली ओढतं. नंतर जपून ठेवायचा असेल तर हातबांधणीचा, उलटा टांगून अंधाऱ्या हवेशीर जागी वाळवता येतो. फोमवाल्यातून फुलं उपटून वाळवावी लागतात, आणि तारेच्यात पुढे तार गंजून पाकळ्यांवर डाग येतात.

बजेट अडत असेल तर बांधणी बदलू नका, फूल बदला. कार्नेशनला लोक उगाच नाक मुरडतात, पण एकाच रंगाची पंधरा वीस गच्च बांधली तर लांबून पिओनीसारखी (मोठं, भरगच्च पाकळ्यांचं फूल) दिसतात आणि दिवसभर हूं की चूं करत नाहीत.

बुके आदल्या दिवशी घरी येणार असेल तर अजून दोन गोष्टी. घरच्या फ्रिजमध्ये फळांशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशन त्याने रात्रीत मिटून बसतं, आणि फ्रिजमध्ये अँथुरियम, ऑर्किड तर नकोतच, 10 अंशांच्या खाली ठेवले की काळवंडतात. लिली असेल तर उमलताच आतले केशर काढून टाका, ते आमचं काम आहे पण उशिरा उमललेली एखादी राहते. कपड्यावर त्याच्या परागाचा डाग पडलाच तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने अलगद उचला.

आणि झुकत्या बुकेला पुढची बाजू असते, हे घेताना नक्की विचारा. मी आता अंगठा जिथे येतो तिथे रिबिनीला एक छोटी गाठ मारून देते, कारण एक मुलगी पूर्ण वेळ बुके उलटा धरून चालली होती आणि सगळ्या फोटोंमध्ये पाठीमागची पानं आणि माझी टेप आलीये.