सशाचा लाकडी पिंजरा: व्हिनेगर की खाण्याचा सोडा?

सशाच्या मूत्रातील कॅल्शियममुळे लाकडावर जो पांढरा, खरखरीत थर बसतो, त्यावर व्हिनेगरच उपयोगी पडते. ते तितक्याच पाण्यात मिसळून डागावर दहा मिनिटे राहू दिले की बारीक बुडबुडे येतात आणि थर बोथट पट्टीने खरवडता येतो. आम्लधर्मी असल्यामुळे ते अमोनियाचा उग्र दर्पही शमवते. म्हापशाच्या बाजारात मिळणारे माडाचे व्हिनेगरही चालते, मात्र ते गाळून घ्यावे.

सोडा स्वतः अल्कधर्मी असल्याने अमोनियापुढे त्याचे फारसे चालत नाही. वाळलेल्या फळ्यांतला उरलासुरला कुबटपणा मात्र तो रात्रभर भुरभुरून ठेवल्यास ओढून घेतो. सकाळी तो पूर्णपणे झाडून काढावा, कारण ससा फळी चाटतो. दोन्ही एकत्र कालवल्यास फेस भरपूर येतो, पण गुण कोणाचाच उरत नाही. ब्लीच तर वापरूच नये, कारण मूत्रातील अमोनियाशी मिसळून त्यापासून विषारी वायू तयार होतो.

गोव्याच्या पावसाळ्यात दमट फळीवर सोड्याच्या गुठळ्या होतात, म्हणून जून ते सप्टेंबर मी व्हिनेगरच पसंत करतो. त्यानंतर साध्या पाण्याने पुसून, पंख्याखाली फळी खडखडीत वाळल्याशिवाय सशाला आत सोडत नाही.