हौशी सीएनसी राउटर, काही महिन्यांच्या वापरानंतर: मशीन चांगलं, यूएसबीचं दुखणं वेगळं

मशीन ३०१८ जातीचं आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर लाकूड कोरणारं छोटं यंत्र. साधारण ३०० बाय १८० मिलिमीटरचा बेड, ७७५ मोटरचा स्पिंडल (बिट, म्हणजे कापणारं पातं, फिरवणारा भाग), २४ व्होल्टचा सप्लाय आणि ग्रबल १.१ या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणारा छोटा कंट्रोलर. यांत्रिक बाजूबद्दल फार लिहीत नाही. मऊ लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक आणि पीसीबी यांवर काम समाधानकारक होतं. अ‍ॅल्युमिनियमचा हट्ट धरू नये. या किमतीच्या वर्गात यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणं मशीनवर अन्याय होईल.

खरा त्रास दिला तो कॉम्प्युटरवरून मशीनला आज्ञा पोचवणाऱ्या यूएसबीने. काम अर्ध्यावर आलेलं असताना स्क्रीनवर ‘कनेक्शन तुटलं’ असा संदेश, आणि लाकूड वाया. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ड्रायव्हर पुन्हा टाका. पण सुरुवातीला पोर्ट दिसतोय, मशीन हलतंय, अर्धा जॉब नीट कापला गेलाय, याचा अर्थ ड्रायव्हर जागेवर आहे. बोर्डावर यूएसबी सांभाळणाऱ्या सीएच३४० चिपचा ड्रायव्हर नसेल तर पहिल्याच मिनिटाला कळतं. अर्ध्या तासाने उपटणाऱ्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा विजेच्या बाजूला असतं.

काम थांबलं की माझी नजर आता स्क्रीनआधी स्पिंडलकडे जाते. स्पिंडल कंट्रोलरवरून चालत असेल तर तो फिरतोय की थांबलाय यावरून निम्मं निदान होतं. फक्त यूएसबीचा दुवा तुटला तर ग्रबलला त्याचा पत्ताच नसतो. हाती असलेल्या ओळी तो संपवतो आणि पुढच्या ओळीची वाट पाहत उभा राहतो. स्पिंडल बंद कर असं कोणी सांगितलेलं नसतं. बिट एकाच जागी फिरत राहतो, जळक्या लाकडाचा वास येतो आणि पाइनवर बिटाच्या व्यासाएवढा काळा गोल उमटतो. उलट कंट्रोलर स्वतः रीसेट झाला असेल तर स्पिंडल लगेच बंद पडतो, बिट लाकडात रुतून बसतो, काळा डाग नसतो. कन्सोलमध्ये (कॉम्प्युटरवरच्या संदेशांच्या खिडकीत) ग्रबलची सुरुवातीची ओळ मध्येच पुन्हा उमटलेली दिसली, तर रीसेटवर शिक्कामोर्तब. (स्पिंडलच्या जागी स्वतःचं बटण असलेला ट्रिमर राउटर बसवला असेल, तर तो दोन्ही वेळा फिरतच राहणार. मग कन्सोलच बघा.)

हा फरक पुढच्या कामासाठीही महत्त्वाचा आहे. दुवा तुटला तर निदान आपण कुठे आहोत हे ग्रबलच्या लक्षात असतं. पण पोर्ट पुन्हा उघडताना अशा बोर्डांवर डीटीआर या संकेताच्या लाइनमुळे कंट्रोलर सहसा रीसेट होतोच, आणि ती स्मृती पुसली जाते. लिमिट स्विच (हालचालीच्या टोकाला बसणारे स्विच) नसतील तर बिट जिथे उभा आहे तीच जागा तो शून्य धरतो. जी५४ चा ऑफसेट (कामाचं शून्य मशीनच्या शून्यापासून किती दूर, याची साठवलेली नोंद) मात्र जुनाच राहतो, त्यामुळे ‘शून्यावर जा’ म्हटलं की मशीन भलतीकडे निघतं. लिमिट स्विच बसवून होमिंग (आधी त्या स्विचपर्यंत जाऊन जागा ठरवणं) चालू करणं हा यावरचा खरा इलाज. ते नसेल तर निदान बेडच्या कोपऱ्यात एक कायमचं छिद्र पाडून ठेवा, बिट तिथे नेऊन शून्य परत लावता येतं.

कारण शोधताना एकाच फाइलच्या तीन फेऱ्या पुरतात. पहिली स्पिंडलची वायर काढून, हवेत. दुसरी स्पिंडल चालू, पण हवेतच. तिसरी लाकडात. पहिलीतच तुटत असेल तर केबल, सैल सॉकेट किंवा कॉम्प्युटरची सेटिंग. दुसरीत तुटलं तर मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांतून येणारा विद्युत गोंगाट. तिसरीत, म्हणजे लोड आल्यावरच तुटत असेल, तर सप्लाय दमतोय का ते बघा. धूळ ओढायला व्हॅक्यूम लावला असेल तर त्याच्या प्लास्टिक नळीत साठणारी स्थिर वीजही असे खेळ करते. माझ्याकडे चोर दुसऱ्या फेरीत सापडला.

त्यावर केलं ते असं. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला एकेक. २४ व्होल्टच्या मोटरला ५० व्होल्ट किंवा त्याहून वरचेच घ्यावेत. स्पिंडलच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन यूएसबी केबलपासून लांब नेल्या. सोबत आलेली बारीक केबल काढून शिल्ड असलेली, दोन्ही टोकांना फेराइट (गोंगाट शोषणारा मणी) असलेली आखूड केबल लावली. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत चालते हे कागदावर ठीक आहे. मोटरशेजारी जितकी आखूड तितकी बरी. एवढ्याने त्रास जवळजवळ संपला. उरलेला लॅपटॉप चार्जरवर असतानाच यायचा, बॅटरीवर नाही. म्हणजे ग्राउंड लूप (चार्जर आणि मशीनच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह). दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा यूएसबी आयसोलेटर लावल्यावर तोही गेला. आयसोलेटरवर वेगाचं बटण असेल तर ते फुल स्पीडला, म्हणजे १२ मेगाबिटला ठेवा. लो स्पीडवर बोर्ड दिसणारच नाही.

कॉम्प्युटरच्या बाजूचं पटकन सांगतो. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूणही काढा. केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये घातली की कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोर्ट दिसतो पण उघडत नाही, तर आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर किंवा थ्रीडी प्रिंटरचं सॉफ्टवेअर त्यावर बसलेलं असतं. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावताच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज तो पोर्ट बळकावतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते काढून टाका. लिनक्सवर डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद) वाचायची सवय ठेवा. गोंगाटामुळे पोर्ट पडला तर कर्नल तिथे ‘ईएमआय?’ (विद्युतचुंबकीय अडथळा) असं प्रश्नचिन्हासकट लिहितो. इतकं सरळ उत्तर विंडोज देत नाही.

बारीक वळणांच्या कोरीवकामात मशीन अडखळत चालतं, तो कनेक्शनचा दोष नव्हे. ११५२०० बॉडला सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं जातात आणि ग्रबलचा रिसीव्ह बफर (आलेल्या ओळी साठवायची जागा) १२८ बाइटचा. अगदी छोट्या तुकड्यांची फाइल असेल तर ओळी वेळेत पोचत नाहीत. कॅममध्ये (मशीनची फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टॉलरन्स, म्हणजे मूळ आकारापासून चालणारा फरक, थोडा सैल केला की सुधारतं.

गुण द्यायचे तर मशीनला पाचात चार, कंट्रोलरला अडीच. मोटरवर कपॅसिटर कारखान्यातच लावता आले असते, आणि सोबतच्या माहितीपत्रकात या सगळ्याबद्दल एक ओळ नाही. कित्येक तास चालणारे रिलीफचे (उठावदार कोरीवकामाचे) जॉब करायचे असतील, तर मेमरी कार्डवरून चालणारा ऑफलाइन कंट्रोलर बरोबरच घ्या. फक्त तो जोडलेला असताना यूएसबी लागली नाही तर बोर्ड बिघडला असं समजू नका. पुष्कळ बोर्डांवर दोघांच्या सिरियल लाइन एकच असतात, त्यामुळे आधी त्याचा प्लग काढून बघा.