व्हँकोमायसिनच्या दोनच लेव्हल हातात असताना: एक कप्पा की दोन?

रक्तातल्या लेव्हलवरून व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा डोस ठरवताना, गणितासाठी शरीर एकच कप्पा धरावं (औषध लगेच सगळीकडे मिसळतं असं मानून) की दोन (रक्त आणि ऊती वेगळे), हे या कामात नवे आलेले लोक हमखास विचारतात. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

दोन कप्प्यांचं चित्र शरीराच्या जास्त जवळ जातं, यात वाद नाही. सलाइनमधून गेलेलं औषध आधी रक्तातून ऊतींमध्ये पसरतं, तेव्हा लेव्हल झपाट्याने उतरते. पुढे किडनी काढेल तशी सावकाश. एक कप्पा ही पहिली उतरण धरतच नाही, म्हणून सॅम्पल घाईने घेतलं तर तो फसवतो. समजा, दर १२ तासांनी १ ग्रॅम, एका तासात सोडलेला. संपल्यावर २ तासांनी लेव्हल २८ मिग्रॅ प्रति लिटर, पुढच्या डोसच्या तोंडावर १०. हाफ-लाइफ (लेव्हल निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण ६ तास, दिवसाचा एयूसी (२४ तासांतल्या लेव्हलच्या रेघेखालचं क्षेत्रफळ, म्हणजे शरीराला एकूण किती औषध भेटलं त्याचं माप) ४८६ च्या आसपास, म्हणजे ४०० ते ६०० या हव्या त्या पट्ट्यात. तेच पहिलं सॅम्पल १५ मिनिटांतच घेतलं आणि ४५ आलं, तर हाफ-लाइफ ५ तासांची दिसते आणि एयूसी ५८० वर जातो. पेशंट तोच, किडनी तीच.

तरीही माझं मन दोन कप्प्यांवरून उडालं ते वेगळ्याच कारणाने. त्यांना चार आकडे लागतात: क्लिअरन्स (शरीर औषध किती वेगाने काढून टाकतं), दोन कप्प्यांची आकारमानं आणि त्यांच्यातली ये-जा. वॉर्डातून येतात दोन सॅम्पल्स, फार तर तीन. पूर्वी मी एक्सेलच्या सॉल्व्हरवर (लेव्हलशी जुळणारे आकडे शोधून देणारं साधन) हे जमवायचो. एका संध्याकाळी एका आजोबांचं फिट छान बसलं, रेघ दोन्ही ठिपक्यांतून अचूक गेली. सकाळी सुरुवातीचा अंदाज थोडा बदलून पुन्हा चालवलं. रेघ तितकीच अचूक, पण ये-जा दुसरीच आणि एयूसीही हललेला. दोन ठिपक्यांतून अशा कितीही रेघा जातात हे ठाऊक होतंच. पण फाइलमध्ये डोस लिहायची वेळ आली तेव्हा यातला कोणता आकडा त्या आजोबांचा, हे मला सांगता येईना. ती अस्वस्थता मला पुन्हा नको होती.

बेजियन सॉफ्टवेअर ही उणीव आधीच्या रुग्णांच्या माहितीने भरून काढतं, आणि ते रास्तच आहे. किडनी रोज बदलत असेल किंवा स्टेडी स्टेट (जेवढं औषध आत जातं तेवढंच बाहेर पडतं ती अवस्था) आलेली नसेल, तर मीही त्याच्याकडेच वळेन. फक्त ते मॉडेल कोणत्या रुग्णांवर बांधलंय ते आधी वाचावं. धिप्पाड माणसांवर बेतलेलं मॉडेल ४२ किलोच्या आजींना लावायला मला तरी धीर होत नाही.

एरवी, किडनी स्थिर असेल तर, माझा कल एका कप्प्याकडे. सॉचुक आणि झास्के यांनी १९७६ मध्ये भाजलेल्या रुग्णांतल्या जेंटामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकसाठी मांडलेली ही रीत कागदावर पाच मिनिटांत होते, आणि रेसिडेंटने ‘हा आकडा आला कुठून?’ विचारलं तर ओळन् ओळ दाखवता येते. तिच्यातली चूक सॅम्पलसाठी तास-दोन तास थांबून टाळता येते. दोन कप्प्यांतला तो संभ्रम मात्र सिस्टरांना काही सांगून टळत नाही. त्यांच्याकडून मी फॉर्मवर दोनच गोष्टी लिहून घेतो: सलाइन खरोखर कधी संपलं आणि सुई खरोखर कधी टोचली.