ओव्हरटाइमचे पैसे ‘देतो, देतो’ म्हणत मुदत संपवली

मी एका कारखान्यात बारा तासांच्या शिफ्टमध्ये काम करायचो. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांवरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागे. आम्हाला साधाही मिळाला नाही. जादा तास सुपरवायझर वेगळ्या वहीत लिहायचा, पगारस्लिपवर त्यांचा पत्ताच नसायचा.

राजीनामा दिला तेव्हा एचआरचे साहेब गोड बोलले. “ओव्हरटाइम फुल अँड फायनलमध्ये, शेवटच्या हिशेबात, लावतो.” मग ऑडिट निघालं, मग हेड ऑफिसची मंजुरी, मग मार्च एंड. सगळं तोंडी. मी मेसेज केला की उलट फोन यायचा, लेखी उत्तर कधीच नाही. वर्ष उलटलं आणि सूर बदलला: “आता दाव्याची मुदत गेली, काही होणार नाही.” म्हणजे मुदतीचं गणित त्यांना पहिल्यापासून पाठ होतं! पैसे बुडवले यापेक्षा मला या गोड बोलण्याचीच जास्त चीड आहे.

ती मुदत तेव्हा लागू असलेल्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातली: पगार देय झाल्यापासून 12 महिने. किमान वेतन कायद्याखाली तर सहाच होते. ही मुदत नोकरी सोडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीची मुदत वेगळी चालते, म्हणून थांबाल तसे सर्वांत जुने महिने आधी हातचे जातात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. माझा अर्ज आता त्यावरच अवलंबून आहे, आणि ते अनुत्तरित मेसेजच मी पुरावा म्हणून जोडलेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून या दोन्ही वेतन कायद्यांच्या जागी वेतन संहिता हा नवा कायदा लागू झाला. त्यात दाव्याला 3 वर्षं आहेत, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. राजीनाम्यानंतर देणं दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं, असंही त्यात आहे. तरी तीन वर्षं आहेत म्हणून निवांत बसू नका. जादा तास केले हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं. हजेरीचे, शिफ्टच्या तक्त्याचे फोटो नोकरीत असतानाच काढून ठेवा, गेट पास बंद झाला की ती वही पुन्हा दिसत नाही. मागणी ईमेलने किंवा स्पीड पोस्टाने करा. फुल अँड फायनलच्या कागदावर ‘काहीही येणे बाकी नाही’ असं छापलेलं असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘ओव्हरटाइमची रक्कम बाकी, हक्क राखून सही.’ आणि त्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.