पोती हलवायची की उचलायची? साधन घेण्याआधीची तुलना

साधन घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, "किती वजन पेलतं?" मी आधी हे मोजायला सांगेन: एक पोतं गाडीतून उतरून थप्पीवर जाईपर्यंत किती वेळा हाताने उचललं जातं? कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या, हाताने ओझं उचलण्याबद्दलच्या १९९१ च्या सूत्रात ओझं अंगाजवळ आहे, कंबर वळत नाही, पकड चांगली आहे, असं सगळं अनुकूल धरूनही मर्यादा २३ किलोची आहे. ५० किलोचं पोतं त्याच्या दुपटीपेक्षा जड. म्हणजे माणसाची कंबर चालण्याने जात नाही, वाकून उचलण्याने जाते.

दोन चाकांची उभी ट्रॉली सगळ्यात स्वस्त आणि अरुंद दारातूनही जाते. योग्य कोनात कलली की भार आसावर येतो, हातांना फक्त तोल सांभाळावा लागतो. एका खेपेला तीन-चार पोती सहज जातात. पण ट्रॉलीवर पोतं ठेवताना वाकायचं आणि उतरवतानाही वाकायचं. अंतर वाचलं, कंबर नाही वाचली.

हायड्रॉलिक पॅलेट ट्रक, म्हणजे पॅलेट (माल रचायची सपाट चौकट) खालून काट्यांवर उचलून नेणारी हातगाडी, साधारण दोन ते अडीच टन पेलतो. पॅलेटवर रचलेली ५० किलोची २० पोती एका खेपेत निघतात. मात्र त्याचे काटे जमिनीपासून साधारण ८५ मिलिमीटरवरून २०० मिलिमीटरपर्यंतच वर जातात. तो भार जमिनीवरून सोडवतो, थप्पी लावत नाही. माल पॅलेटवरच येत असेल तर याच्याइतकं समाधान दुसऱ्या कशात नाही, पोत्याला हातच लागत नाही. माल सुटा येत असेल तर कात्रीसारखा उचलणारा, काटे कमरेपर्यंत नेणारा प्रकार घ्या. पोती रचत जाल तसं पॅलेट खाली घेता येतं, त्यामुळे वाकावं लागत नाही. फक्त त्याला खालून फळी नसलेलं पॅलेट लागतं, आणि ही गोष्ट बहुतेकांना खरेदीनंतरच कळते. उतारावर मात्र साध्या पॅलेट ट्रकचा भरवसा धरू नका. बहुतेकांना ब्रेक नसतो, आणि टनाचा भार सुटला तर माणूस तो अडवू शकत नाही.

उंच रचायचं असेल तर स्टॅकर, म्हणजे पॅलेट काट्यांवर उंच नेणारं साधन. हाताने पंप मारायचा प्रकार दिवसातून पाच-दहा वेळांसाठी ठीक आहे, त्यापुढे बॅटरीवरचाच घ्यावा. फोर्कलिफ्टला वळायला मोकळी जागा आणि प्रशिक्षित चालक लागतो. तिच्या पाटीवरची क्षमता भाराच्या ठरावीक केंद्रापुरती असते, बहुधा काट्यांच्या मुळापासून ५०० मिलिमीटर. भार पुढे सरकला की क्षमता घटते.

सुटी पोती ट्रकमध्ये भरायची असतील तर पट्ट्याचा कन्व्हेयर या सगळ्यांना मागे टाकतो, कारण माल न थांबता चढत राहतो. गुळगुळीत प्लास्टिकची पोती असतील तर चढ कमी ठेवा आणि खाचांचा पट्टा घ्या, नाहीतर पोती मागे घसरतात. आपत्कालीन थांबा दोन्ही टोकांना हवाच. माळ्यावर सरळ वर न्यायचं असेल तर चेन पुली पुरते, पण ती संथ असते आणि वरची तुळई भार पेलेल का हे जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. हवेच्या ओढीने पोतं उचलणारं यंत्र कागदी पिशव्यांना छान चालतं. तागाच्या पोत्यातून हवा गळते, तिथे त्याची पकड टिकत नाही.

चाकांकडे दुर्लक्ष करू नका. गुळगुळीत फरशीवर नायलॉनची चाकं हलकी चालतात, पण आवाज करतात आणि फरशी खरवडतात. पॉलियुरेथेनची शांत असतात. खडबडीत अंगणात हवेचीच बरी, पंक्चरचा त्रास धरूनही. विकत घेण्याआधी साधन भरून आपल्याच फरशीवर, आपल्याच उंबऱ्यावरून चालवून पाहा. रिकामं चालवून काहीच कळत नाही.