व्हॅनमध्ये राहायचं की ग्रिडबाहेरच्या घरात? आधी पाण्याचा कॅन उचलून बघा

आम्ही दोघं आधी दीडेक वर्ष व्हॅनमध्ये फिरत राहिलो आणि आता तीन वर्षं वीज, नळ, ड्रेनेज यातलं काहीच न पोचलेल्या जागेवर एका छोट्या घरात राहतोय, त्यामुळे ओळखीतलं कुणी नोकरीला वैतागलं की मला फोन येतो, दोन्हीतलं काय बरं रे? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मागचं दार उघडं टाकलेली गाडी आणि मावळता सूर्य असतो हे मला आवाजावरूनच कळतं. तसे सूर्यास्त मिळतात, खोटं कशाला बोलू. पण ते दहा मिनिटं. बाकीचा दिवस पाणी, चार्जिंग, संडास आणि रात्री कुठे थांबायचं यात जातो.

मला दोन्हीत जाणवलेला फरक असा, की घरातली कामं मोठी आणि कंबरडं मोडणारी असतात पण एकदा केली की काही महिने गप्प बसतात. व्हॅनमधली कामं किरकोळ असतात, पण रोजची, आणि दर वेळी नव्या जागी नव्याने शोधून करायची. मला पहिला प्रकार झेपतो. माझ्या एका मित्राला दुसरा, तो चार वर्षं फिरतोय आणि त्याला एका जागी सरपण फोडत बसायची कल्पनाच नको वाटते.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण लोक पॅनल-बॅटरीचा अभ्यास करतात आणि पाणी विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं असतं पण २० लिटरचा कॅन दोन्ही हातांत धरून तीनशे पावलं चाललात की ते खरं कळतं. आमच्या व्हॅनची टाकी १०० लिटरची होती, म्हणजे भरली की एक दणकट माणूस कायम मागे बसलेला. दोघांनी माणशी १० लिटरवर भागवलं तर पाच दिवस. त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, आणि अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. पाचव्या दिवशी नळ शोधायचा, मग तिथे पाइप बसत नाही म्हणून तीन प्रकारचे अडॅप्टर बाळगायचे, मागे कुणीतरी हॉर्न वाजवतंय आणि तुम्ही गुडघ्यावर बसून टाकीचं तोंड पुसताय.

घरात गणित वेगळं. छताच्या एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. छत ६० चौरस मीटर असेल आणि एका दिवसात २० मिलिमीटर पडला तर १२०० लिटर, त्यातलं पहिलं घाण पाणी सोडून दिलं आणि काही उडून सांडून गेलं तरी हजारेक हाताला लागतं. ते पहिलं पाणी सोडायचंच, पक्ष्यांची शिट आणि कुजलेली पानं सगळी त्यात असतात. ५००० लिटरची टाकी भरलेली असेल आणि माणशी ४० लिटर वापरलं तर दोघांना दोन महिने. चैन वाटते ना? पण पाऊस लांबला की रोज संध्याकाळी टाकीवर टकटक करून पाणी कुठवर आलंय ते ऐकायची सवय लागते. आणि गाळण, शेवाळ, टाकीत उतरून धुणं हे सगळं तुमच्याकडेच. यूव्ही फिल्टर घेतला तरी पाणी गढूळ असेल तर तो काही कामाचा नाही, आधी गाळावं लागतं, आणि शंका असेल तर सरळ उकळायचं, खळखळून एक मिनिट, उंच डोंगरावर तीन मिनिटं.

विजेत व्हॅनचा एक असा पेच आहे जो गाडी घेईपर्यंत कुणी सांगत नाही. पॅनल टपावर असतं, म्हणजे वीज हवी तर गाडी उन्हात लावायची, आणि उन्हात लावली की आत भट्टी. सावलीत लावली तर तुम्ही गार आणि बॅटरी उपाशी. घराला हा प्रश्न नाही, घर झाडाखाली आणि पॅनल पलीकडे मोकळ्यावर, शिवाय सूर्याकडे तिरकं करता येतं.

३०० वॅटचं पॅनल टपावर सपाट ठेवून चांगल्या उन्हात दिवसाला साधारण एक ते दीड युनिट मिळतं, अगदी भरून आलेलं असेल तर त्याच्या पाव किंवा त्याहून कमी. छोट्या १२ व्होल्टच्या फ्रिजला उन्हाळ्यात अर्धं युनिट सहज जातं. लॅपटॉप, दिवे, पंखा धरले की हिशेब काठावर येतो. ज्यांना सॅटेलाइट इंटरनेट लावून काम करायचंय त्यांनी हे नीट वाचा, मोठी डिश ५० ते ७५ वॅट खाते, चोवीस तास चालू ठेवली तर सव्वा ते पावणेदोन युनिट, म्हणजे पॅनलचं सगळं तिलाच. मीटिंग संपली की बंद करायची सवय लावा. व्हॅनचा एक फायदा मात्र मान्य, गाडी चालवताना इंजिनवरून चार्जिंग होतं. ३० अँपिअरचा चार्जर असेल तर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये पाऊण युनिटच्या आसपास येतं. घरात ढगाळ आठवडा लागला की जनरेटर नाहीतर अंधार.

इंडक्शनचा मोह दोन्हीकडे आवरा. २००० वॅट १२ व्होल्टवर ओढायचे म्हणजे १६५ च्या वर अँपिअर, केबल मनगटाएवढी नसली तरी अंगठ्याएवढी लागते आणि सैल कनेक्शन असेल तर तिथेच जळतं. घरासाठी ४८ व्होल्टची सिस्टीम करता येते, तोच लोड ४२ अँपिअरवर येतो.

बॅटरीत मी स्वतः शेण खाल्लंय. घरात पहिल्या वर्षी स्वस्त म्हणून लेड अ‍ॅसिड घेतल्या आणि त्या अर्ध्याच्या खाली उतरवायच्या नसतात हे माहीत असूनही रोज रात्री उतरवत राहिलो, एका सीझनमध्ये मेल्या. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग पण ८० टक्के बिनधास्त वापरता येते आणि हजारो वेळा चार्ज करून वापरली तरी टिकते. फक्त शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही, आतून खराब होते आणि ते परत येत नाही. थंड प्रदेशात फिरणार असाल तर बॅटरी गाडीच्या बाहेर खाली लटकवू नका, आत ठेवा.

आता संडास. व्हॅनमध्ये कॅसेट टॉयलेट, खालचा डबा १८-२० लिटरचा, दोघांत दोन ते तीन दिवसांत भरतो. तो ओढून काढायचा, चाकांवर ढकलत न्यायचा आणि जिथे परवानगी आहे तिथेच ओतायचा, कुठेही झाडीत नाही. एकदा आम्हाला अशी जागा दोन दिवस सापडली नाही. पोट बिघडलेलं, बाहेर पाऊस, डबा भरल्याचं दाखवणारा लाल खुणेचा ठोकळा वर आलेला, आणि टॉयलेट झोपायच्या गादीपासून हातभर. त्या रात्री आम्ही एकमेकांशी काहीच बोललो नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

घरात आम्ही कोरडा संडास केलाय, लघवी वेगळी आणि घट्ट वेगळं, वर लाकडाचा भुसा. वास येतो तो दोन्ही एकत्र झाल्यावर, वेगळं ठेवलं तर पाहुण्यांना कळतसुद्धा नाही. लघवी माणशी दिवसाला दीडेक लिटर धरा, तीच जास्त उचलावी लागते. बादली आठवड्यातून एकदा खताच्या ढिगात, ढीग वर्षभर तरी तसाच मुरू द्यायचा. भांड्यांच्या आणि अंघोळीच्या पाण्याला शोषखड्डा, तो खणायला आम्हाला चार दिवस आणि दोन फावडी लागली. पण खणला तो खणला.

ओल हा व्हॅनचा खरा शत्रू, चोर-बिर नाही. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात त्यातूनच वाटीभर-दोन वाट्या पाणी हवेत जातं. वर गॅसवर स्वयंपाक, एक किलो गॅस जळला की साधारण दीड लिटरच्या वर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, हे मला कळलं तेव्हा पटलंच नव्हतं. थंडीत पहाटे जाग आली की टपाच्या बोल्टच्या टोकाला थेंब लोंबतोय, लोंबतोय, आणि बरोबर कपाळावर. दोन महिन्यांनी गादी उचलली तर खाली काळे ठिपके आणि कुबट वास. उपाय कंटाळवाणा आहे, थंडी असली तरी दोन झरोके उघडे ठेवायचे, एक वर एक खाली, आणि गादीखाली पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवायची. हवा फक्त ओलीसाठीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद गाडीत शेगडी पेटवून उबेला झोपणारे झोपेतच जातात. त्याचा अलार्म लावल्याशिवाय एक रात्रही नको. गॅस गळतीचा अलार्म वेगळा आणि तो खाली जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो.

घरात लाकडाच्या स्टोव्हमुळे हवा कोरडी राहते. पण सरपण या वर्षी तोडून याच वर्षी जाळायचं म्हटलं तर नुसता धूर आणि चिमणीत डांबर. नीट वाळायला वर्ष, जाड लाकडाला दोन. म्हणजे पहिल्या हिवाळ्याचं लाकूड तुम्ही राहायला येण्याआधी रचलेलं असायला हवं, आणि ते कुणीच केलेलं नसतं. आम्हीही नाही.

झोपायची जागा हा त्रास फक्त व्हॅनवाल्यांचा. संध्याकाळी चारनंतर डोक्यात तेच चालू होतं. जागा सपाट हवी, नाहीतर रात्रभर डोक्याकडे रक्त उतरतं, शांत हवी, आणि कुणी उठवणार नाही अशी हवी. रात्री दोनला काचेवर टकटक झाली की पुढे झोप लागत नाही, मग तो माणूस कितीही सभ्य असो. घरातल्या माणसाला उलट त्रास, जागा पसंत नाही पडली, शेजारी वाईट निघाला किंवा पावसात रस्ताच वाहून गेला तर चावी फिरवून निघता येत नाही.

आजारपण आणि बिघाड या दोन गोष्टींत मी व्हॅनला सरळ नापास करतो. गाडी गॅरेजमध्ये गेली म्हणजे घर गॅरेजमध्ये गेलं, मेकॅनिक म्हणतो पार्ट यायला आठ दिवस आणि तुम्ही दोन पिशव्या घेऊन फुटपाथवर. ताप आला तर घरात निदान अंथरूण जागचं हलत नाही. हॉस्पिटल मात्र घरापासून लांब असतं, फिरत्या गाडीला ते जवळ करता येतं, तेवढं व्हॅनच्या बाजूने.

पत्त्याचं थोडक्यात सांगतो, बँक, लायसन्स, इन्शुरन्स, सगळ्यांना कायमचा पत्ता लागतो. फिरणार असाल तर निघण्याआधी एखाद्या नातेवाइकाशी बोलून ठेवा, आणि इन्शुरन्सवाल्याला गाडीत राहतोय हे लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात. घर बांधणार असाल तर तिथे राहायची आणि बांधायची परवानगी आहे का ते जमीन घेण्याआधी बघा, नंतर नाही.

पैशाचंही असंच, घरात सगळा खर्च सुरुवातीला आणि एकदम, व्हॅनमध्ये तो इंधन, टायर, दुरुस्तीतून ठिबकत राहतो आणि बेरीज केली की दचकायला होतं.

एकटे असाल, काम इंटरनेटवर फारसं अवलंबून नसेल आणि अजून कुठे राहायचं हे ठरलं नसेल तर आधी व्हॅन, पण विकत नको, भाड्याने, आणि मुद्दाम पावसाच्या नाहीतर थंडीच्या पंधरा दिवसांत. लहान मूल असेल, म्हातारं माणूस असेल किंवा रोज औषधं फ्रिजमध्ये ठेवावी लागत असतील तर घर, आणि तेही बारमाही रस्त्यावर.

आम्ही व्हॅन विकलेली नाही, घराच्या मागे उभी आहे. टाकी तळाला गेली की तिच्यात दहा कॅन टाकून पाणी आणतो. एका खेपेत २०० लिटर, दोघांचे अडीच दिवस.